केंजी मिझोगुची : बहिणीच्या ऋणातून घडलेला चित्रपटकार

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहत. अशा वसाहतींत आणि गावोगावच्या चौकांत गणेशोत्सवाच्या रात्री दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून विनामूल्य चित्रपट दाखविण्याची प्रथा महाराष्ट्राने अनेक वर्षे अनुभवली. पडद्यासमोरची जागा भरली की उरलेली मंडळी पलीकडच्या बाजूला जाऊन बसत आणि उलट्या अक्षरांसकट सिनेमा पाहत. अशा पडद्यावर 'ओहारूचे जीवन' हा १९५२ सालचा जपानी चित्रपट लावला, तर अक्षरे सुलट आहेत की उलट याने बहुतेकांना काही फरक पडणार नाही. कथा कळायलाही अडचण येऊ नये. बापाने डोक्यावर कर्ज करून ठेवले आणि ते फेडण्यासाठी मुलीला विकले, हे समजायला भाषा लागत नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादमामार्फत मिळणारी उचल उसाच्या मुलखात सगळ्यांच्या परिचयाची आहे. आधी रक्कम घ्यायची आणि मग अंग मोडून ती फेडायची, असा हा व्यवहार. जपानमधील गेशागृहे आणि वेश्यावस्त्या याच तत्त्वावर चालत. तेथे उचल बाप घेई आणि फेडण्याची पाळी मुलीवर येई.

या चित्रपटाचे दिग्दर्शक केंजी मिझोगुची यांच्या घरातच असा व्यवहार घडलेला होता.

मिझोगुची यांचा जन्म १६ मे १८९८ रोजी टोकियोतील होंगो भागात झाला. वडील झेन्तारो छपरे शाकारणारे सुतार होते. १९०४ साली रशिया-जपान युद्धाला तोंड फुटले, तेव्हा सैनिकांसाठी रेनकोट तयार करून विकण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात आली. हाती होते नव्हते तेवढे त्यांनी या धंद्यात घातले. पण माल बाजारात येऊन पैसा सुटण्याआधीच युद्ध संपले आणि धंदा बुडाला. कुटुंबाला चांगली वस्ती सोडून असाकुसा या गरिबांच्या भागात यावे लागले. घरात चौदा वर्षांची थोरली मुलगी होती, सुझु. तिला आधी दत्तक म्हणून दिले गेले आणि तेथून ती गेशागृहात पोहोचली. केंजी तेव्हा सात वर्षांचा होता. वडिलांचा आईशी आणि बहिणीशी असलेला वागण्याचा कठोरपणा त्याने जवळून पाहिला. वडिलांविषयीची अढी पुढे जन्मभर त्याच्या मनातून गेली नाही.

सुझुने मात्र घर सोडले नाही. गेशागृहातून तिची ओळख एका सरदार घराण्यातील पुरुषाशी झाली. त्याच्या आश्रयाने तिचे बरे चालले आणि त्याच पैशावर तिने भावंडांना सांभाळले. शाळा संपवण्यासाठी केंजीला मोरिओका येथील नातेवाइकांकडे पाठविण्यात आले होते. तेथून परतल्यावर त्याला संधिवाताने गाठले आणि चालीत कायमचा दोष राहिला. पुढचे शिक्षण जवळजवळ थांबलेच. तेव्हा सुझुने त्याला किमोनोच्या कापडावर नक्षी काढणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लावून दिले. १९१५ साली आई वारली. सुझुने धाकट्या भावांना आपल्याच घरी आणले. पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकविणाऱ्या संस्थेत केंजीने प्रवेश घेतला, तोही तिच्याच आधारावर. कोबे शहरातील एका वृत्तपत्रात जाहिरातींची रेखाटने करण्याची नोकरी त्याला १९१७ च्या सुमारास मिळाली, त्यामागेही तिचाच हात होता. ती नोकरी वर्षभरसुद्धा टिकली नाही. मुलगा टोकियोला परतला आणि पुन्हा बहिणीच्या घरी राहू लागला.

१९२० च्या सुमारास मिझोगुची निक्कात्सु कंपनीच्या मुकोजिमा स्टुडिओत शिरले. त्यांना नट व्हायचे होते, पण नेमणूक झाली सहायक म्हणून. त्या काळी जपानी चित्रपटांत स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंके या तरुणाने साकारली होती, तसाच प्रकार. पडद्याशेजारी उभा राहून 'बेन्शी' हा निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद बोले आणि पुष्कळदा प्रेक्षक नटापेक्षा त्याचे नाव पाहून तिकीट काढीत. १९२३ साली मिझोगुची यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला झालेल्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले. निक्कात्सुने आपली मंडळी क्योटोला हलविली. जन्माने टोकियोकर असलेल्या मिझोगुची यांची कर्मभूमी त्यानंतर मुख्यतः क्योटो हीच राहिली. मंदिरे, जुनी नाटकगृहे आणि गिओन हा गेशांचा मोहल्ला, सगळे तेथे हाताशी होते.

गेशा आणि वेश्या यांच्या वस्तीत त्यांचा राबता होता आणि तो केवळ अभ्यासापुरता नव्हता. १९२५ साली त्यांच्यासोबत राहणाऱ्या युरिको इचिजो या स्त्रीने भांडणात वस्तऱ्याने त्यांच्या पाठीवर वार केला. प्रकरण वृत्तपत्रांत गाजले. कंपनीने त्यांना काही काळ कामावरून दूर ठेवले. पाठीवरचा तो व्रण आयुष्यभर राहिला, आणि स्त्रियांवरचे चित्रपट काढायचे तर असा व्रण अंगावर हवा, अशा अर्थाचे काहीतरी ते तो दाखवून सहकाऱ्यांना सांगत, अशी आठवण सांगितली जाते. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, त्यांनी चिएको सागा या नर्तिकेशी विवाह केला. संसार वादळी होता.

मूकपटांच्या काळात मिझोगुची यांनी मिळेल ते केले. गुप्तहेरकथा, विनोदी कथा, परदेशी कादंबऱ्यांची रूपांतरे, सगळेच त्यात होते. त्यांनी ऐंशीहून अधिक चित्रपट काढले, पण आज त्यांतील सुमारे तीसच उपलब्ध आहेत. हरवलेल्यांत बहुसंख्य या काळातले. उरलेल्यांपैकी १९३३ च्या 'ताकी नो शिराइतो'मध्ये त्यांचा खरा विषय स्पष्ट दिसतो. पाण्याच्या कारंज्यांचे खेळ करणारी एक कलावंतीण एका गरीब तरुणाच्या कायद्याच्या शिक्षणाचा खर्च उचलते. पैशासाठी तिच्या हातून खून घडतो. आणि तिच्यावर खटला उभा राहतो तेव्हा न्यायासनाच्या बाजूला तोच तरुण असतो. स्त्रीने किंमत मोजायची आणि पुरुषाने वर चढायचे, ही रचना पुढे त्यांच्या चित्रपटांत पुन:पुन्हा येत राहिली. तिचे मूळ शोधण्यासाठी असाकुसातील त्या घरापलीकडे जाण्याची गरज नाही.

१९३६ हे वर्ष निर्णायक ठरले. योशिकाता योदा हा क्षयातून उठलेला तरुण पटकथाकार त्यांना भेटला. मिझोगुची यांनी त्याच्याकडून पहिलीच पटकथा अनेकदा नव्याने लिहून घेतली. नेमके काय चुकले हे ते सांगत नसत, फक्त परत पाठवत. योदा टिकले आणि अखेरपर्यंत सोबत राहिले. या जोडीचा पहिला चित्रपट 'नानिवा एलेजी'. ओसाकातील एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर असलेली आयाको बापाने केलेल्या अफरातफरीची रक्कम भरण्यासाठी मालकाची रखेल होते, भावाच्या शिक्षणाचे पैसेही पाठवते. बदनामी होऊन ती घरी परतते, तेव्हा तोच भाऊ तिच्याबरोबर जेवायला बसू इच्छित नाही. त्याच वर्षीचा 'गिओनच्या बहिणी' दोन गेशा बहिणींवर आहे. थोरली निष्ठेने वागते, धाकटी हिशेबाने. वाट्याला शेवटी दोघींच्याही काही येत नाही. या चित्रपटाला 'किनेमा जुन्पो' या प्रतिष्ठित नियतकालिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरविले. दोन्हींत प्रमुख भूमिका करणारी इसुझु यामादा तेव्हा विशीतही नव्हती. युद्धकाळात 'नानिवा एलेजी'वर सरकारने बंदी घातली.

याच सुमारास आपल्याकडे पुण्यात 'प्रभात'च्या स्टुडिओत व्ही. शांताराम 'कुंकू' करीत होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट १९३७ साली आला. म्हाताऱ्या वराशी फसवून लावलेले लग्न मनाने न स्वीकारणारी शांता आपटे यांची नीरा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. पाठोपाठ १९३९ मध्ये 'माणूस' आला आणि त्यात वेश्या मैना पडद्यावर आली. क्योटो आणि पुणे यांना एकमेकांची खबर नव्हती. दोन्हीकडे प्रश्न मात्र जवळजवळ एकच विचारला जात होता. शांताराम यांची नायिका नवऱ्याला थेट जाब विचारते. मिझोगुची यांच्या आयाकोला जाब विचारायला कोणी समोर थांबतच नाही. चित्रपटाच्या शेवटी ती रात्रीच्या पुलावरून एकटी कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येते.

कॅमेरा पात्रांपासून दूर ठेवायचा आणि एक प्रसंग शक्यतो एकाच दीर्घ चित्रणात घ्यायचा, ही मिझोगुची यांची पद्धत या काळात पक्की झाली. चेहरा मोठा करून दाखविणे त्यांना पसंत नव्हते. नटाने कसे करावे हे ते सांगत नसत, आणि जमेपर्यंत तालीम थांबत नसे. नटाने प्रसंगाला मनातून प्रतिसाद द्यावा एवढेच त्यांचे म्हणणे असे. ऐतिहासिक चित्रपटात भांडी, कापड, फर्निचर त्या काळचेच असावे हा आग्रह तर प्रसिद्ध होता. चित्रीकरणात खंड नको म्हणून लघवीसाठी बाटली ते स्टुडिओतच ठेवीत. त्यांच्याबरोबर काम करणे ही शिक्षा होती, असे म्हणणारे पुष्कळ होते, तरी बोलावणे आले की तेच पुन्हा हजर होत.

१९३९ साली त्यांनी 'अखेरच्या शेवंतीची कथा' काढला. एका काबुकी नटाला मोठा कलावंत करण्यासाठी झिजून मरणारी दाई ही त्याची नायिका. १९४१ मध्ये सरकारी धोरणाला साजेल असा ४७ रोनिनांवरील भव्य चित्रपट चालू असताना चिएकोचे मानसिक संतुलन ढळले. तिला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि मिझोगुची यांच्या अखेरपर्यंत ती तेथेच होती. चित्रीकरण त्यांनी थांबविले नाही.

युद्धानंतर अमेरिकी अंमल आला आणि स्त्रीमुक्तीवर चित्रपट काढण्यास प्रोत्साहन मिळू लागले. मिझोगुची यांनी असे तीन चित्रपट केले. स्त्री वकिलाची कथा सांगणारा 'स्त्रियांचा विजय' (१९४६), मोडून पडलेल्या ओसाकातील वेश्यांवरचा 'रात्रीच्या स्त्रिया' (१९४८) आणि मेइजी काळातील स्त्री-हक्कांच्या चळवळीवरचा 'माझे प्रेम जळत आहे' (१९४९). यांतला दुसरा सोडला तर बाकीचे फारसे जमलेले नाहीत. ज्या स्त्रिया एकत्र येऊन लढतात त्या त्यांना उभ्या करता आल्या नाहीत. १९७२ पासून शहादा परिसरात श्रमिक संघटनेतील आदिवासी स्त्रियांनी दारूच्या गुत्त्यांवर चालून जाऊन मडकी फोडली, बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर उभे केले. अशा स्त्रिया मिझोगुची यांच्या पडद्यावर शोधून सापडणार नाहीत. त्यांची नजर ओळखत होती ती एकट्या पडलेल्या बाईला. 'रात्रीच्या स्त्रिया'ची तयारी चालू असताना ते वेश्यांच्या रुग्णालयात गेले होते. तेथील स्त्रियांपुढे दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. या दशेला पुरुष जबाबदार आहेत आणि त्या पुरुषांत मीही आलो, असे सांगताना त्यांचे डोळे भरून आले, अशी आठवण त्यांचे सहकारी सांगत.

१९५१ साली अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन'ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मिझोगुची तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते, कुरोसावा त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. ही गोष्ट वडीलधाऱ्या दिग्दर्शकाला लागली. इहारा साइकाकु यांच्या १६८६ सालच्या कादंबरीवर चित्रपट काढण्याचा बेत अनेक वर्षे मनात होता. तो आता त्यांनी हट्टाने पुरा केला. पैसा तुटपुंजा होता, तात्पुरत्या स्टुडिओजवळून आगगाड्या जात आणि लांबलचक चित्रणे त्यांच्या आवाजाने वाया जात. तरीही 'ओहारूचे जीवन' तयार झाला.

क्योटोच्या राजवाड्यात सेवेला असलेली ओहारू एका हलक्या दर्जाच्या सेवकाच्या प्रेमात पडते. त्याचा शिरच्छेद होतो, तिला आईबापांसह नगराबाहेर काढतात. एका सरदाराला वारस हवा असतो. सुबक बायकांची मोजमापे घेऊन तिची निवड होते. ती मुलगा देते आणि काम झाल्यावर तिची पाठवणी होते. मुलीच्या भाग्यावर भरवसा ठेवून बापाने कर्ज करून ठेवलेले असते, म्हणून ती शिमाबाराच्या वेश्यावस्तीत जाते. पुढे व्यापाऱ्याच्या घरची मोलकरीण, मग पंखे विकणाऱ्या भल्या माणसाची बायको. त्याला चोर मारतात. ती मठात जाते, तेथूनही हाकलली जाते. पन्नाशीला आलेली, तोंडाला रंग फासून रस्त्यावर उभी राहणारी ओहारू एका मंदिरातील पाचशे अर्हतांच्या मूर्तींकडे पाहत उभी असते आणि एका मूर्तीच्या जागी तिला पहिल्या प्रियकराचा चेहरा दिसतो. तेथून कथा मागे जाते. मुलगा सरदार झाल्यावर तिला वाड्यावर बोलावतात, ते मात्र तिची बदनामी बाहेर पडू नये म्हणून कोंडून ठेवण्यासाठी. मुलाचे दर्शन तिला दुरूनच होते. ती तेथून निसटते आणि दारोदार भिक्षा मागत फिरते. हे सगळे आक्रोश न करता, दुरून, जवळपास कोरडेपणाने सांगितलेले आहे. किनुयो तनाका या अभिनेत्रीने कोवळ्या तरुणीपासून म्हातारीपर्यंतचा प्रवास एकटीने पेलला आहे.

जपानमध्ये चित्रपटाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. व्हेनिसमध्ये मात्र १९५२ चे आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. पुढच्या वर्षी 'उगेत्सु'ला आणि १९५४ मध्ये 'सान्शो दायु'ला तेथेच रौप्य सिंह मिळाला. 'सान्शो'त गुलाम म्हणून विकलेल्या भावाबहिणींची कथा आहे. भावाला पळून जाता यावे म्हणून बहीण आन्जु तळ्याच्या पाण्यात शांतपणे चालत जाते. मिझोगुची यांनी हा प्रसंग दाखविताना कॅमेरा हलविलेला नाही. पाण्यावर उठणारी वलये तेवढी दिसतात. फ्रान्समधले तरुण समीक्षक, त्यांत पुढे दिग्दर्शक झालेले गोदार आणि रिव्हेतही होते, या चित्रपटांवर फिदा झाले.

तनाका यांच्याबाबतची हकिकत मात्र मिझोगुची यांच्या चाहत्यांना अडचणीत टाकणारी आहे. त्यांच्या सुमारे पंधरा चित्रपटांत तनाकांनी काम केले होते. १९५३ मध्ये त्यांनी स्वतः 'प्रेमपत्र' हा चित्रपट दिग्दर्शित केला. दुसऱ्या चित्रपटाची वेळ आली, तेव्हा दिग्दर्शक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या मिझोगुची यांनी विरोध केला. तनाकांमध्ये दिग्दर्शकाची कुवत नाही, असे त्यांचे मत होते. यासुजिरो ओझु यांनी तनाकांची बाजू घेतली, त्यांनीच सहलेखन केलेली पटकथा तनाकांच्या हाती होती, आणि १९५५ साली तो चित्रपट पूर्ण झाला. तनाका आणि मिझोगुची यांचे संबंध पुन्हा सांधले गेले नाहीत. जपानमधील पहिली स्त्री-दिग्दर्शक ताझुको साकाने ही मिझोगुची यांच्याच हाताखाली तयार झालेली होती, हे लक्षात घेतले तर हा विरोध आणखी अनाकलनीय वाटतो. स्त्रीच्या दुःखासमोर नतमस्तक होणारा हा माणूस, तिने कॅमेऱ्यामागची खुर्ची मागितली तेव्हा मागे सरकायला तयार नव्हता. तनाकांनी पुढे आणखी चार चित्रपट दिग्दर्शित केले.

शेवटचा चित्रपट 'शरमेची गल्ली' १९५६ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला. टोकियोतील योशिवारा या शतकानुशतके चाललेल्या वेश्यावस्तीतील एका घरातील पाच स्त्रिया त्यात आहेत. कोणी आजारी नवऱ्याला आणि तान्ह्या मुलाला पोसते, कोणी वाढलेल्या मुलासाठी राबते आणि तोच मुलगा तिला आई म्हणायला लाजतो. एकजण सावकारी करून पैसा जमवते आणि सुटते. त्या दिवसांत वेश्याव्यवसायबंदीच्या विधेयकावर जपानी संसदेत वाद चालू होता, आणि चित्रपटातील रेडिओवरही त्याच्याच बातम्या ऐकू येतात. मालक बायकांना समजावतो की सरकार करणार नाही ते आपण तुमच्यासाठी करतो. अखेरच्या दृश्यात खाणकामगाराची कोवळी मुलगी पहिल्यांदा गिऱ्हाईक बोलवायला दाराशी येते. तोंडाला पांढरा रंग, अर्धा चेहरा भिंतीआड, हात कसाबसा पुढे आलेला. तेथे चित्रपट संपतो.

विधेयक त्याच वर्षी मे महिन्यात मंजूर झाले. मिझोगुची यांना तोवर रक्ताच्या कर्करोगाने ग्रासले होते. रुग्णालयातही ते 'ओसाकाची कथा' या पुढच्या चित्रपटाच्या तयारीत होते. २४ ऑगस्ट १९५६ रोजी क्योटोत वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'ओसाकाची कथा' १९५७ मध्ये कोझाबुरो योशिमुरा यांनी पूर्ण केला. बंदीचा कायदा १ एप्रिल १९५८ पासून पूर्णपणे अमलात आला आणि योशिवारातील घरे बंद झाली.